केस बांधावेत की मोकळे सोडावेत?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३४. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी पार्लरमध्ये रसायन लावून केस सरळ करून घेतले. टोकं राठ झाली, म्हणून खांद्यापर्यंत कापले आणि ठरवलं की आता कमरेपर्यंत वाढवायचेच. तेव्हापासून रोज घट्ट अंबाडा. सकाळी न्हाऊन झालं की ओल्या केसांचाच बांधायचा, दिवसभर तोच, रात्री झोपतानाही तोच. मैत्रीण म्हणते, 'मोकळे सोडलेस की तुटलेच समज.' मोठी बहीण म्हणते, 'अगं, केसांना जरा श्वास घेऊ दे.' केस वाढलेत, पण वीतभरच. हल्ली कानशिलांजवळ विरळ दिसतात आणि संध्याकाळी अंबाडा सोडला की टाळू ठणकते. मध्यंतरी एका कार्यक्रमाला हौसेनं केस मोकळे सोडले, सगळ्यांनी कौतुक केलं. घरी येऊन विंचरताना मात्र हातात केसांचा पुंजका आला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अंबाडा सुरू. त्यांचा प्रश्न: 'बांधून ठेवू की सोडू? एकच काय ते सांगा.' आणि ताजा कलम: 'वाढवत असताना टोकं कापावीत का?'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ते एका वाक्यासाठी. 'संध्याकाळी अंबाडा सोडला की टाळू ठणकते' हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत आणि लगेच टोकांच्या काळजीकडे वळलात. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. तेव्हा एकच काय ते सांगायचं, तर बांधा, पण आज बांधता तसे नाही. आणि आठवड्यातून काही वेळ सोडाही.

आधी तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं बघू, कारण ते अर्धं खरं आहे. केस लांब झाले की त्यांची टोकं सतत कशावर तरी घासतात. खुर्चीची पाठ, पर्सचा पट्टा, कॉलर, लोकरी कपडा, झोपेत उशी. केसाच्या बाहेरच्या बाजूला एकावर एक चढलेले बारीक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे असतात. रोजच्या घासण्यानं, उन्हानं, विंचरण्यानं ते खवले झिजतात आणि आतला गाभा उघडा पडतो. केस वाढतो फक्त मुळाशी. बाहेर आलेला केस मेलेला असतो, तो स्वतःची डागडुजी करू शकत नाही. त्यामुळे टोकं वाचवायची तर त्यांचं घासणं कमी करायचं, हे बरोबरच आहे. अंबाड्यात टोकं आत लपतात, म्हणून अंबाडा उपयोगी.

पण अंबाडा घट्ट बांधला की काय होतं? टोकांवरचा त्रास थांबतो आणि मुळांवरचा सुरू होतो. रोज, त्याच जागी, तासन्‌तास मुळं ओढली जातात. सगळ्यात आधी हार मानतात ती कपाळाच्या कडेची आणि कानशिलांवरची मुळं, कारण तिथले केस मुळात नाजूक, आणि मागे ओढून बांधताना ताणही तिथेच जास्त बसतो. त्वचारोगतज्ज्ञ याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, म्हणजे ओढ बसून केस जाणं. वेळेत ताण काढला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग तिथे केस उगवत नाही.

टोकाचे दोन सेंटिमीटर गेले तर साधारण दोन महिन्यांत भरून निघतात. गेलेलं मूळ भरून निघत नाही. म्हणून दोन्हीपैकी एकाचंच रक्षण करायची वेळ आली, तर मी डोळे झाकून मुळांच्या बाजूनं उभी राहीन. सुदैवानं तशी वेळ येत नाही.

आता तो पुंजका. तुम्ही घाबरलात, कुणीही घाबरेल. पण जरा हिशोब करू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं ही नेहमीची गोष्ट आहे. ज्यांचे केस दिवसभर मोकळे असतात त्यांचे हे केस कपड्यांवर, जमिनीवर, वाऱ्यावर कुठेही पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. तुमचे अंबाड्यात अडकून राहतात. मूळ सुटलेलं असतं, पण केस आतच गुंतलेला असतो. अंबाडा सोडून विंचरलंत की दिवसाचे, कधी दोन-तीन दिवसांचे, एकदम हातात येतात. त्यात त्या दिवशी वारा लागून गुंताही झाला असणार. त्या पुंजक्याचं सगळं खापर एका संध्याकाळच्या मोकळ्या केसांवर फोडणं बरोबर नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर पुढच्या वेळी विंचरून झाल्यावर आलेले केस गडद रंगाच्या कापडावर पसरा, उजेडात धरा आणि दोन्ही टोकं बघा. ज्या केसाच्या एका टोकाला पांढरट, बारीक गाठीसारखा ठिपका दिसेल तो मुळापासून सुटलेला, म्हणजे आयुष्य संपवून गळलेला केस. ज्याला तसा ठिपका नाही आणि जो आखूड आहे तो मध्येच तुटलेला. बहुतेक केस लांब आणि ठिपक्याचे असतील तर केसांच्या तुटण्याची काळजी सोडा. आखूड, बिनठिपक्याचे तुकडे जास्त असतील तर विंचरणं, रबर आणि टोकांची अवस्था बघायला हवी. भीती वाटली की केस कोंडून ठेवण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं निरीक्षण जास्त कामाचं.

'वीतभरच वाढले' ही तुमची तक्रारही तपासून बघण्यासारखी आहे. केस महिन्याला सरासरी एक सेंटिमीटर वाढतात, कुणाचे थोडे जास्त, कुणाचे कमी. अडीच वर्षं म्हणजे तीस महिने, म्हणजे तीसेक सेंटिमीटर. वीत म्हणजे वीसेक. मग मधले दहा कुठे गेले? मुळाशी वाढ झाली आणि टोकाशी तूट झाली, दुसरं काय. आणि टोकाशी काय आहे ते तुमच्याच पत्रात आहे. खांद्यापर्यंत कापलेत तेव्हा खांद्यापर्यंतचा सगळा केस रसायन लावलेलाच होता. तो कुठे गेला नाही, वाढीबरोबर खाली खाली सरकत गेला. आज तुमच्या पाठीवर जी टोकं आहेत ती साधारण चार-पाच वर्षांपूर्वी मुळातून बाहेर पडलेली आहेत आणि वर त्या उपचारातून गेलेली आहेत. कितीही कडेकोट अंबाडा बांधलात तरी ती पहिल्यासारखी होणार नाहीत.

केस सरळ करून घेतले होते म्हणजे मूळचे थोडेफार वळणाचे असणार. तसं असेल तर एक बट ओली करून बघा. मुळापासून काही अंतरापर्यंत तुमचं मूळचं वळण दिसेल, त्याखाली केस एकदम सरळ होईल. मुळापासून त्या सीमेपर्यंत टेप लावा. तुमचे केस या काळात खरोखर किती वाढले ते तेवढं अंतर सांगेल. ही सीमा लक्षात ठेवा, कारण तिथे दोन वेगळ्या ताकदीचे केस जोडलेले आहेत आणि तुटायचं झालं तर बऱ्याचदा तिथेच तुटतात. रबर किंवा पिन रोज नेमकी त्याच उंचीवर येत असेल तर जागा बदला.

आता ताई. केसांना श्वास घेऊ दे, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. केस श्वास घेत नाही, तो जिवंतच नसतो. मुळाला लागणारा प्राणवायू आणि पोषण रक्तातून मिळतं, अंबाडा असो वा नसो. पण ताईंचं कारण चुकलं तरी सल्ला चुकलेला नाही. टाळूला मोकळं व्हायला हवं, ते ताणातून आणि ओलीतून. तुम्ही ओल्या केसांचा अंबाडा बांधता तो आतून दुपारपर्यंत, जाड केस असतील तर संध्याकाळपर्यंतही ओलसर राहतो. त्यानं टाळूला खाज सुटते, कोंड्याला आयतं निमंत्रण मिळतं आणि कुबट वास येतो तो वेगळाच. त्याहून वाईट म्हणजे ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो. पाण्यानं त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटलेले असतात. साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला तर तो पूर्ववत होतो, त्यापुढे गेला की आतून कायमचा बिघडतो. ओल्या केसाला पीळ देऊन वर रबर आवळणं म्हणजे त्याच्या सगळ्यात दुबळ्या वेळी त्याच्यावर सगळ्यात जास्त जोर टाकणं. तुमच्या दिनक्रमातली एकच सवय मोडायची असेल तर ही मोडा. सकाळी वेळ नसेल तर केस आदल्या संध्याकाळी धुवा. तेही जमत नसेल तर सुती टी-शर्टनं दाबून पाणी टिपा, नुसता सैल पेड घाला आणि वाळल्यावर अंबाड्याचं बघा. टॉवेलनं खसाखसा पुसणं नको.

अंबाडा कसा बांधायचा यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळी मेख त्यातच आहे. केस मागे घेताना कपाळापाशी चापूनचोपून बसवायचे नाहीत. मानेपाशी सैल गोळा करा, पीळ तिथून सुरू करा, डोक्यापासून नाही. गुंडाळत जा आणि टोकं शेवटी आत सरकवा. बाहेर राहिलेली टोकं कॉलरवर घासतात, मग अंबाड्याचा उपयोगच काय. बांधून झाल्यावर हनुवटी छातीला टेकवा, भुवया वर उचला, मान डावी-उजवी करा. कुठेही एखादा केस ओढल्यासारखा वाटला तर तिथे बोट घालून सैल करा. संध्याकाळी सोडताना 'हुश्श' वाटलं तर तो घट्टच होता. दुखण्याची सवय होते, म्हणून 'मला काही वाटत नाही' यावर फार विसंबू नका, आरशात कडेची त्वचा ओढलेली दिसते का तेही बघा.

जागा रोज बदला. एक दिवस मानेवर, एक दिवस मधोमध, एक दिवस जरा बाजूला. भांगही सरकवत राहा. बारीक रबर आणि धातूचा जोड असलेलं रबर वापरू नका, त्यात केस अडकून तुटतात. कापडी जाड रबर, लाकडी काडी, यू आकाराचे आकडे किंवा क्लचर चालेल. काडी आणि आकड्यांचा फायदा असा की अंबाडा फार आवळला तर ते टोचतात, आपोआप कळतं. क्लचर घेताना त्याच्या दातांच्या आतल्या बाजूनं नख फिरवून बघा. प्लास्टिकच्या साच्याची बारीक धार राहिलेली असते, नख अडकलं तर केसही अडकणार. लांब केस असणाऱ्या कितीतरी जणी याच्याकडे लक्षच देत नाहीत आणि शॅम्पू बदलत बसतात.

रात्री अंबाडा नको. दिवसभर ज्या मुळांनी ओझं पेललं त्यांना रात्री तरी सुटी द्या. सैल तीनपेडी वेणी घाला, खाली कापडी रबर लावा, किंवा केस उशीच्या वरच्या बाजूला पसरून झोपा. सॅटिनचा अभ्रा घेतलात तर घासणं आणखी कमी होतं. केस खूप कुरळे असतील तर डोक्यावर सैलसर गोळा करून झोपणं सोयीचं पडतं, पण तेही 'सैलसर' या शब्दाला जागून.

वेणी हा मधला मार्ग आहे आणि मला तो अंबाड्याइतकाच आवडतो. मुळांवर वजन कमी, गुंता नाही, वारा लागला तरी केस एकमेकांना धरून राहतात. फक्त बसताना वेणी पुढे घ्या, पाठ आणि खुर्ची यांच्यात अडकू देऊ नका. आणि अगदी टाळूपासून आवळत आणलेल्या वेणीला अंबाड्याचेच सगळे दोष लागू होतात, हे विसरू नका. दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेटखाली अंबाडा ठेवू नये. हेल्मेट नीट बसत नाही, म्हणजे केसांआधी डोक्याचाच प्रश्न. मानेवर सैल वेणी घालून ती कपड्याच्या आत टाकावी. केस वाढवणारे पुरुष डोक्यावर छोटा बुचडा बांधतात, त्यांच्याही कपाळाच्या कडा अशाच मागे सरकू शकतात.

मग सोडायचे कधी? जिथे घासणं आणि वारा नाही तिथे बेलाशक सोडा. घरात, संध्याकाळी, गुळगुळीत कपडा अंगावर असताना. कार्यक्रमाला सोडायचे असतील तर टोकांना तेलाचे दोन थेंब चोळा, उघड्या गाडीत किंवा कडक उन्हात वेणी ठेवा आणि पोहोचल्यावर सोडा. परत आल्यावर घाईनं कंगवा घालू नका. आधी बोटांनी मोठे गुंते सोडवा. मग रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकांपासून सुरुवात करा, चार बोटं वर, पुन्हा चार बोटं वर. गुंत्याच्या वरची बट मुठीत घट्ट धरा, म्हणजे हिसका मुठीला बसेल, मुळाला नाही. सरळ केस बरेचसे वाळल्यावर विंचरावेत. कुरळ्या केसांचा गुंता मात्र ते ओलसर असताना आणि कंडिशनर लावलेले असताना काढणं सोपं जातं. त्या कार्यक्रमानंतर तुम्ही बहुधा थकून येऊन वरून खाली कंगवा ओढला असेल, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक विचारू? अडीच वर्षांत तुम्ही हे केस किती वेळा पाहिलेत? ओले असताना बांधता, झोपताना बांधलेलेच असतात. तुमच्या पत्रात केसांबद्दल काळजी भरपूर आहे, आवड फक्त त्या एका संध्याकाळच्या वर्णनात दिसली. कमरेपर्यंत पोहोचल्यावर सोडू, असं मनात असेल तर एक लक्षात घ्या. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ ठरलेला असतो, साधारण दोन ते सहा वर्षं, आणि तो बराचसा आनुवंशिक असतो. कुणाचे केस कमरेच्या खाली जातात, कुणाचे पाठीच्या मध्यावर थांबतात, आणि थांबले तर त्यात हयगयीचा भाग असतोच असं नाही. कमर गाठेपर्यंत केसांचा आनंद राखून ठेवणं मला पटत नाही. आज आहेत ते पाठभर केस काही थोडे नाहीत.

कानशिलांबद्दल मात्र चालढकल नको. आजपासून ताण काढा आणि विरळ जागेचा त्याच उजेडात, त्याच कोनातून महिन्याला एक फोटो काढून ठेवा. बारीक, निमुळत्या टोकाचे नवे केस दिसू लागले तर ठीक चाललं आहे. नवे केस यायला वेळ लागतो, दोन आठवड्यांत निराश होऊ नका. तीन-चार महिन्यांत काहीच फरक नसेल, कडेला पुटकुळ्या असतील, त्वचा गुळगुळीत चकाकू लागली असेल किंवा भांग रुंद होत असेल तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ज्या वाचकांचे केस सगळ्या डोक्यावरून सारखेच, मुळासकट गळत आहेत त्यांनी बांधण्या-सोडण्याच्या वादात पडू नये. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुतेकदा आपोआप थांबतं. तसं काही झालेलं नसेल तर थायरॉइड आणि शरीरातलं लोह तपासून घ्यायला डॉक्टर सांगतील.

राहिला ताजा कलम. कापल्यानं केस भराभर वाढतात हे खरं नाही, टोकाशी काय झालं ते मुळाला कळत नाही. तरीही तुमच्या बाबतीत मी कापा म्हणेन. दुभंगलेलं टोक तसंच ठेवलं तर दोरीचा पीळ सुटत जावा तसा केस वर वर फाटत जातो, आणि तुमची टोकं तर दुहेरी थकलेली आहेत. एकदम सगळा सरळ केलेला भाग उडवायचा नसेल तर दर तीन महिन्यांनी दोन सेंटिमीटर कापा. तेवढ्या काळात तीन वाढतात, म्हणजे लांबी कमी न होता जुना भाग हळूहळू जाईल. अधूनमधून उजेडात बसून फाटलेली टोकं एकेक करून, फाट्याच्या थोडं वर कापलीत तरी चालेल. कात्री मात्र केसांचीच घ्या. कागद आणि दुधाच्या पिशव्या कापून बोथट झालेल्या कात्रीनं टोक कापलं जात नाही, चिरडलं जातं, आणि तिथूनच पुन्हा फाटायला लागतं.